विश्लेषण : छोट्या, अंधाऱ्या बेडरूमला पांढराशुभ्र रंग का मानवत नाही?

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी रंगकाम निघते. हॉलसाठी चार-चार शेड कार्डे चाळली जातात, शेजाऱ्यांचे मत घेतले जाते. आतल्या छोट्या बेडरूमची वेळ आली, की मात्र ‘तिथे अंधार आहे, पांढरा मारून टाका’ एवढ्यावर निकाल लागतो. रंग वाळतो, सामान परत लागते आणि खोली उजळण्याऐवजी मळकट, थंड दिसू लागते. दोष रंगाऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात चूक त्या सरधोपट सल्ल्यात असते.

पांढरा रंग राखाडी का दिसतो?

रंग प्रकाश निर्माण करत नाही. आलेला प्रकाश परत पाठवतो. मुंबई, ठाणे, पुण्यातील अनेक इमारतींत आतल्या खोलीची खिडकी डक्टमध्ये किंवा समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. तिथून येतो तो सिमेंटवर आपटून आलेला, आधीच फिका पडलेला उजेड. शुभ्र भिंत तोच जशाच्या तसा दाखवते. कोपऱ्यांतील सावल्याही तिच्यावर लपत नाहीत.

पूर्वी चुन्याच्या सफेदीत नीळ घालून भिंती पांढऱ्याशुभ्र केल्या जात. अंगण आणि भरपूर ऊन असलेल्या घरांत ते शोभून दिसे. उन्हाचा पिवळेपणा आणि निळीची झाक एकमेकांना सावरत. डक्टकडे तोंड असलेल्या खोलीत ऊनच नाही, त्यामुळे निळसर झाकेचा पांढरा तिथे आणखी गार दिसतो.

मग गडद रंग लावावा का?

नाही. इथे एलआरव्ही, म्हणजे ‘लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू’ हा आकडा उपयोगी पडतो. पडलेल्या प्रकाशापैकी रंग किती परत पाठवतो, हे तो शून्य ते १०० या मापात सांगतो. अनेक रंग कंपन्या तो शेडसोबत देतात. कार्डावर नसेल तर दुकानदाराकडे विचारता येतो.

खोलीत प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर जात राहतो. एलआरव्ही ८० असेल तर दोन भिंतींवर आपटल्यानंतर ६४ टक्के प्रकाश उरतो. एलआरव्ही ५० असेल तर केवळ २५ टक्के. समाजमाध्यमांवरील व्हिडीओंत मोठ्या खिडक्यांच्या घरांत सुंदर दिसणारे मध्यम राखाडी रंग इथे का पडतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. अंधाऱ्या खोलीसाठी साधारण ७० ते ८२ एलआरव्हीची शेड घ्यावी : पांढऱ्यापेक्षा जराशी खाली, राखाडीपेक्षा बरीच वर.

‘न्यूट्रल’ शेडमधली झाक कशी ओळखायची?

ऑफ-व्हाइट, मोतिया, हस्तिदंती, फिका बदामी हे सगळे न्यूट्रल म्हणून विकले जातात. पण प्रत्येकात पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक असते. डब्यावरच्या आकर्षक नावावरून ती कळत नाही. शेड कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले, की लगेच दिसते. त्याच पट्टीतली सर्वात गडद शेड पाहिली तर अंदाज पक्का होतो.

खिडकीची दिशाही पाहावी. उत्तरेच्या खिडकीला वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन मिळत नाही. आकाशाचा निळसर उजेड मिळतो. तिथे किंचित पिवळी किंवा गुलाबी झाक असलेला ऑफ-व्हाइट बरा. पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी तांबूस ऊन येत असेल, तर तोच क्रीम रंग भडक पिवळा दिसू शकतो. तिथे झाक कमी हवी. खिडकीबाहेर झाड असेल तर भिंतीवर हिरवट छटा येते. समोरच्या इमारतीचा रंगही असाच आत येतो.

दिव्याचा संबंध काय?

दिवसाही दिवा लावावा लागतो अशा खोलीत रंगाचा खरा निर्णय दिवाच करतो. बाजारात सर्रास मिळणारे ‘कूल डेलाइट’ एलईडी ६५०० केल्विनचे असतात. त्यांचा प्रकाश निळसर पांढरा असतो. त्याखाली क्रीम रंग निस्तेज आणि राखाडी रंग पोलादी दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचा दिवा पिवळसर असतो. ४००० केल्विन हा दोन्हींच्या मधला, अभ्यास आणि वावर या दोहोंना चालणारा पर्याय आहे.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी दिवा बदलावा आणि त्याच दिव्याखाली रंग निवडावा. रंगकामाच्या खर्चापुढे दिव्याचा खर्च किरकोळ असतो. आणि कधी कधी दिवा बदलल्यावर जुना रंगही पुरेसा चांगला वाटू लागतो.

नमुना कसा पाहावा?

दुकानातल्या लखलखाटात रंग ठरवणे ही सर्वात महागडी चूक. दोन-तीन शेडचे छोटे डबे मिळाले तर आणून, दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन-दोन हात द्यावेत. पूर्ण वाळल्यावरच पाहावे. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो. पुठ्ठा एकदा खिडकीसमोरच्या भिंतीला आणि एकदा खिडकीच्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री दिवा लावून बघावा. कार्डावरच्या लहानशा चौकोनापेक्षा चार भिंतींवर रंग जास्त उठून दिसतो. त्यामुळे दोन शेडमध्ये अडकल्यास फिकी घ्यावी.

छत, दरवाजे आणि ‘हायलाइट वॉल’चे काय?

छत पांढरे, मॅट ठेवावे. भिंती, दरवाजा आणि कपाट जवळपास एकाच छटेत असतील तर नजर जागोजागी अडकत नाही आणि दहा बाय नऊची खोलीही सलग वाटते. खिडकीसमोरच्या भिंतीवर सर्वाधिक उजेड पडतो. नेमकी तीच गडद ‘हायलाइट वॉल’ केली, तर होता तो उजेडही गिळला जातो.

चकचकीत फिनिश प्रकाश वाढवते, हा आणखी एक समज. बाजूने येणाऱ्या उजेडात अशा भिंतीवर पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. छोट्या खोलीत पलंग भिंतीला लागून असतो, डोके टेकून तेलाचे डाग पडतात. तेव्हा पुसता येणारे, कमी चमकीचे इमल्शन व्यवहार्य ठरते.

रंगाने काय साधत नाही?

ओल असलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग दिला तरी पावसाळ्यानंतर पोपडे निघतात. आधी गळती शोधावी, भिंत वाळू द्यावी, मगच पुट्टी आणि प्रायमर. खिडकीच्या ग्रिलमध्ये रचलेल्या बादल्या, कुंड्या, खोकी आणि जाड पडदा हटवल्याने मिळणारा उजेड कोणत्याही डब्यात मिळत नाही.

यापलीकडचा प्रश्न रंगाऱ्याच्या हातातला नाही. गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला. ऊन-वारा न पोहोचणारी घरे आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात पुढे आला. दोन इमारतींमधले अंतर चुकले असेल, तर त्याची भरपाई फिका बदामी रंग करू शकत नाही. अशा घरांतील कुटुंबांना ‘योग्य रंग लावा’ एवढेच सांगून मोकळे होणे बरोबर नाही.

तरीही जी खोली आहे तिच्यातच राहायचे असते. घरातली सर्वात अंधारी खोली बहुतेकदा आजी-आजोबांच्या किंवा बारावीच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते, म्हणजे घरात सर्वाधिक वेळ काढणाऱ्यांच्या. पाहुणे बसतात त्या हॉलसाठी आठवडाभर खल होतो. या खोलीसाठी निदान दोन दिवस, तीन पुठ्ठे आणि एक नवा दिवा एवढे द्यायला हरकत नसावी. आणि त्या पुठ्ठ्यांतून शेड निवडण्याचा हक्क तिथे झोपणाऱ्याचा असावा.