बारा अनोळखी माणसे : इंग्लंडची ज्यूरी आणि निवडीचा प्रश्न

#थ्रेड

१/ इंग्लंडमध्ये ज्यूरी ठेवावी की तिची कक्षा कमी करावी, हा वाद पुनःपुन्हा उद्भवतो. साचलेले खटले, लागणारा वेळ आणि खर्च ही कारणे पुढे येतात. एक प्रश्न मात्र मागे पडतो : ज्यूरीत बसते कोण? ज्यूरीचे सारे मोल या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले आहे.

२/ साल १६७०. क्वेकर पंथाचे विल्यम पेन व विल्यम मीड यांच्यावर लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवर बेकायदा जमाव जमवल्याचा आरोप होता. ओल्ड बेलीतील ज्यूरी त्यांना त्या आरोपाखाली दोषी ठरवीना. तेव्हा न्यायासनाने ज्यूरीलाच अन्नपाण्याविना कोंडून ठेवले.

३/ अखेर बाराही जणांनी ‘निर्दोष’ हाच निर्णय दिला. प्रत्येकाला ४० मार्कांचा दंड झाला. तो न भरता तुरुंगात गेलेल्या एडवर्ड बुशेल यांनी वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. मुख्य न्यायमूर्ती जॉन व्हॉन यांनी ठरवले की, दिलेल्या निर्णयाबद्दल ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही.

४/ आजची व्यवस्था याच पायावर उभी आहे. क्राउन कोर्टात न्यायाधीश कायदा समजावून सांगतात. घडले काय, हे ज्यूरी ठरवते. शिक्षा पुन्हा न्यायाधीशच सुनावतात. ज्यूरीची चर्चा गुप्त असते आणि निर्णयाची कारणे तिला द्यावी लागत नाहीत. एकमत होईना, तर १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असे बहुमतही चालते.

५/ परंतु हे स्वातंत्र्य कोणाच्या हाती होते? मालमत्ताधारकांच्या. स्त्रियांना ज्यूरीची दारे १९१९ च्या कायद्याने उघडली, तरी मालमत्तेच्या अटीमुळे बहुतेक स्त्रिया आणि असंख्य कष्टकरी बाहेरच राहिले. ती अट रद्द करणारा कायदा १९७२ मध्ये झाला. बुशेल खटल्यानंतर तब्बल तीन शतकांनी!

६/ निवड सदोष असली की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. इंग्रजांनी आणलेलीच ही पद्धत; पण सरकारने खास ज्यूरी मागून घेतली. तिच्यात सात युरोपीय आणि दोन पारशी होते.

७/ लेख मराठीत, आणि निवाडा मुख्यतः भाषांतरांच्या आधारे. निर्णय सात विरुद्ध दोन : दोषी. शिक्षा सहा वर्षांची. निर्णय देण्याचे स्वातंत्र्य या ज्यूरीलाही होतेच. नव्हते ते ज्या समाजासाठी लेख लिहिले गेले, त्या समाजाचे प्रतिनिधित्व.

८/ आज इंग्लंडमध्ये मतदारयादीतून संगणकाद्वारे यदृच्छया नावे निघतात. वय १८ ते ७५ आणि तेराव्या वर्षानंतर देशात किमान पाच वर्षे वास्तव्य, या मुख्य अटी. बोलावलेल्यांतून बारा जण पुन्हा भर न्यायालयात चिठ्ठ्या काढूनच ठरतात. कारण न देता एखाद्याला वगळण्याचा बचाव पक्षाचा अधिकार १९८८ च्या कायद्याने संपवला.

९/ आक्षेप असा की, कायद्याचे शिक्षण नसलेल्यांच्या हाती एवढा अधिकार का द्यावा? आक्षेप गैर नाही, ज्यूरीही चुकते. पण चिठ्ठीने निवडलेल्या बारा जणांना सरकारची मर्जी राखावी लागत नाही की बढतीची वाट पाहावी लागत नाही. काम संपले की ते आपापल्या घरी परततात.

१०/ इंग्लंडमधील नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी प्रकरणे आजही ज्यूरीविनाच निकाली निघतात. उरलेल्या गंभीर खटल्यांत वेळ वाचवण्यासाठी तिला बाजूला सारण्याआधी दोन्ही तारखा आठवाव्यात. १६७० ने ज्यूरीला निर्भय केले. १९७२ ने तिला लोकांची केले. पहिले दुसऱ्यावाचून किती पोकळ ठरते, याची साक्ष १९०८ ची मुंबई देते.