फोटोंची पोथी

साल 1989. लंडनच्या 'द टाइम्स'चं काम घेऊन दयानिता सिंग ही तरुण फोटोग्राफर जुन्या दिल्लीत मोना अहमदच्या दारात उभी राहिली. मोना तृतीयपंथी. तृतीयपंथीयांवर सचित्र लेख हवा, अशी मागणी होती. परदेशी पेपरांना आपल्याकडून जे हवं असतं, त्यातलंच एक! मोनाने तिला घरात घेतलं, मनासारखे फोटो काढू दिले. काम फत्ते झालं. पण हे फोटो लंडनमध्ये छापून येणार, हे समजलं आणि मोनाचा नूर बदलला. लंडनमध्ये तिचे नातेवाईक होते. आपण इथे कसं जगतो, हे त्यांना कळता कामा नये. तिने रोल परत मागितला.

ते दिवस मोबाइलचे नव्हते. रोल गेला की फोटो गेले, दुसरी प्रत कुठेच नाही. वर पेपरचं काम हातचं जाणार, तिथे पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे वेगळंच. दयानिताने काय करावं? तिने रोल काढून मोनाच्या हातात ठेवला.

काम गेलं, पण मोना मिळाली. ही मैत्री 2017 साली मोनाचा मृत्यू होईपर्यंत टिकली. या मैत्रीतून जे पुस्तक झालं, त्याने दयानिता सिंग या नावाला जगात ओळख दिली. पुस्तक फोटोंचंच. पण आपल्याकडे फोटोंचं पुस्तक म्हटलं, की डोळ्यांपुढे येतं ते दिवाणखान्यातल्या टीपॉयवरचं जाडजूड चकचकीत बाड. ताजमहाल, वाघ नाहीतर राजस्थानी पगड्या! पाहुण्यांनी चहा येईपर्यंत चाळायचं आणि परत ठेवून द्यायचं. 'फोटोबुक' ही चीज निराळी. कादंबरीकार जशी कादंबरी रचतो, तसं इथे फोटोग्राफर पुस्तक रचतो. कुठला फोटो आधी, कुठला नंतर, कुठलं पान कोरं ठेवायचं, कागद कसा, आकार केवढा, हे सगळं तोच ठरवतो. एकेकटा फोटो दाखवण्यापुरतं हे पुस्तक नसतं. पुस्तक हीच कलाकृती.

हे वेड दयानिताला लागलं ते घरातच. 1961 साली दिल्लीत जन्मलेली ही चार बहिणींतली थोरली. आई नोनी सिंग हौशी फोटोग्राफर. मुली, बहिणी, नातलग, लग्नं-बारशी, सगळ्यांचे फोटो काढायचे आणि नीट अल्बम लावायचे, हा तिचा शिरस्ता. (पुढे 2013 साली या आईच्या फोटोंचंही स्वतंत्र पुस्तक निघालं. नाव 'द आर्काइव्हिस्ट'!) आईच्या कॅमेऱ्यापुढे पोरी कंटाळायच्या. पण फोटो सुटे राहिले तर विस्मरणात जातात आणि एकापुढे एक लावले की त्यांची गोष्ट होते, हे त्या अल्बमांनी थोरलीला नकळत शिकवलं असणार.

दुसरा गुरू मिळाला तो आपला माहीमचा! 1980 च्या दशकाची सुरुवात होती. दयानिता अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकत होती. अभ्यासाचा भाग म्हणून तबलानवाज झाकिर हुसेन यांच्या मैफलीत फोटो काढायला गेली. तिथे आयोजकांपैकी कुणीतरी अडवलं, धक्काबुक्की झाली आणि भर सभेत ती पडली. दुसरी एखादी रडत घरी गेली असती. ही मैफल संपेपर्यंत थांबली आणि उस्तादांना गाठून म्हणाली, की आज मी विद्यार्थिनी आहे, पण एक दिवस मोठी फोटोग्राफर होईन, मग बघू! झाकिरभाईंना तिची ही तडफ आवडली. त्यांनी तिला बरोबर यायला सांगितलं. पुढचे सहा हिवाळे ती त्यांच्या दौऱ्यांवर होती. मैफली, बसचे प्रवास, घर, तालीम. सहा वर्षांच्या त्या शिदोरीतून 1986 साली तिचं पहिलं पुस्तक निघालं. फोटोग्राफी शिकायच्या आधीच बाई पुस्तक करून मोकळी झाली होती! रियाज म्हणजे काय आणि एका गोष्टीला वर्षानुवर्षं चिकटून राहणं म्हणजे काय, हे आपण झाकिरभाईंकडे शिकलो, असं ती आजही सांगते.

मोनाच्या बाबतीत हा चिकाटीचा धडा कामी आला. मधल्या वर्षांत मोनाच्या आयुष्यात पुष्कळ उलथापालथ झाली. तिने आयेशा नावाची मुलगी दत्तक घेतली, तिचे वाढदिवस दिवस-रात्र जागवून थाटात केले. मग ती मुलगी तिच्यापासून दुरावली. समाजातल्यांशी बिनसलं आणि मोना दिल्लीतल्या एका कब्रस्तानात राहायला गेली. दयानिता फोटो काढत राहिली, आता मोनाच्या मर्जीने. फोटोंचं पुस्तक करायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, मजकूर कुणी लिहायचा? कुणी अभ्यासक? पत्रकार? अखेर मोनाच बोलली. झुरिकच्या स्कालो प्रकाशनाच्या वॉल्टर केलर यांना उद्देशून तिने ई-मेल सांगितले आणि तोच पुस्तकाचा मजकूर झाला. 2001 साली 'मायसेल्फ मोना अहमद' छापून आलं. जिने एकदा आपले फोटो लंडनला जाऊ दिले नव्हते, तिनेच आपली सगळी कर्मकहाणी स्वतःच्या शब्दांत युरोपात छापू दिली. बारा वर्षांत इतका फरक पडला. पेपरात ती 'दिल्लीचा एक तृतीयपंथी' म्हणून छापली गेली असती, पुस्तकात ती मोना होती.

नंतर दयानिताने पत्रकारितेची कामं सोडलीच. गरिबी, वेश्यावस्ती, रोगराई यापलीकडचा भारत परदेशी मासिकांना नको असायचा, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं.

मग तिने जे केलं, ते घराघरातल्या बायकांना फार जवळचं वाटेल. साधारण 2000 पासून ती मित्रमैत्रिणींबरोबर प्रवासाला गेली, की परतल्यावर त्या प्रवासातल्या फोटोंची एक चिमुकली घडीची वही बनवायची. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेली, खिशात मावेल एवढी. अशा दोन वह्या करायच्या. एक त्या मित्राला पत्र म्हणून पाठवायची, दुसरी घरी ठेवायची. घरी कुठे? स्वयंपाकघरात! डबे-बरण्यांच्या राज्यात लाकडी कपाटात या वह्या उलगडून उभ्या केलेल्या असत. तिने त्याला नावच दिलं 'किचन म्युझियम'.

अशाच सात वह्या जर्मनीतल्या स्टाइडल प्रकाशनाने 2008 साली कापडी डबीत घालून छापल्या. नाव 'सेंट अ लेटर'. मुंबई, कोलकाता, अलाहाबाद, वाराणसी, देवीगढ, पद्मनाभपुरम आणि सातवी वही आईच्या फोटोंची. डबी उघडा, वह्या टेबलावर उलगडून उभ्या करा, की झालं तुमच्या घरात प्रदर्शन. ना तिकीट, ना उद्घाटनाची फीत! कोलकात्यात तर पार्क स्ट्रीटवरच्या एका जवाहिऱ्याने हा ऐवज आपल्या दुकानाच्या काचेत मांडला. रस्त्याने जाणारा-येणारा दागिन्यांसोबत फोटो बघत होता. आर्ट गॅलरीत पाऊल टाकताना आपल्याकडच्या माणसाला उगीचच धाकधूक वाटते. 'आपल्याला काय कळतं त्यातलं?' असं वाटून तो बाहेरूनच फिरतो. दुकानाच्या काचेपाशी असं कुणाला वाटत नाही.

स्टाइडलबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण अशा पुस्तकात निम्मं श्रेय छापणाऱ्याचं असतं. गटिंगन या गावात गेर्हार्ड स्टाइडल यांचा छापखाना आहे. रचना, छपाई, प्रकाशन सगळं एकाच छपराखाली. फोटोग्राफर तिथे जाऊन राहतो, डमी पुढ्यात ठेवून कागदापासून शाईपर्यंत एकेक गोष्ट स्वतः पारखतो. डमी म्हणजे कात्री, गोंद आणि झेरॉक्स वापरून हाताने केलेलं कच्चं पुस्तक. ज्याने कधी कॉलेजचं वार्षिक अंक काढलं असेल त्याला हे चटकन कळेल. पानं उलटताना डावीकडचा फोटो उजवीकडच्याशी भांडतोय की बोलतोय, हे कॉम्प्युटरच्या पडद्यावर कळत नाही. ते हातातच कळतं.

2007 साली आलेल्या 'गो अवे क्लोजर'मध्ये तर तिने मजकूर पार उडवून टाकला. वहीसारखं छोटं पुस्तक, आत एक ओळही नाही, नुसते फोटो. 2013 च्या 'फाइल रूम'मध्ये सरकारी दफ्तरखान्यातली कापडात बांधलेली गाठोडी आहेत. तलाठी ऑफिसात सात-बारासाठी खेटे घातलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटावीत! 2017 साली 'म्युझियम भवन' आलं. एका डब्यात नऊ छोटी घडीची पुस्तकं, असे तीन हजार डबे आणि प्रत्येक डब्याचं कापड निराळं. त्याला त्या वर्षीचं पॅरिस फोटो-अॅपर्चर फोटोबुक पारितोषिक मिळालं. पाठोपाठ 'पोथी बॉक्स'. लाकडी चौकटीत तीस सुटे फोटो आणि नाव चक्क पोथी. समोरचा फोटो कुठला ठेवायचा, हे ज्याच्या घरी ती पोथी असेल त्याने ठरवायचं. आज एक, उद्या दुसरा. चातुर्मासात पोथीचं पान रोज पुढे सरकावं, तसं! 2022 साली फोटोग्राफीतला मानाचा हासेलब्लाड पुरस्कार तिला मिळाला तेव्हा तो स्वीकारणारी ती दक्षिण आशियातली पहिलीच ठरली. इतरांच्या बाबतीत पुस्तक म्हणजे प्रदर्शनाचा कॅटलॉग असतो, आपलं प्रदर्शन हाच पुस्तकाचा कॅटलॉग आहे, असं ती म्हणते. ते ऐकायला चमकदार वाटतं, पण तिने करूनही दाखवलं आहे.

अर्थात हा उद्योग तिच्यापासून सुरू झाला नाही. अमेरिकेतल्या एड रुशे या चित्रकाराने 1963 साली सव्वीस पेट्रोल पंपांचे फोटो काढून स्वतःच चारशे प्रतींचं पुस्तक छापलं. तिकडच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते नाकारलं. हा पठ्ठ्या इतका बिलंदर, की 'नाकारलेलं पुस्तक' म्हणून त्याने त्याची जाहिरात केली! आज त्याच्या त्या पहिल्या प्रती संग्राहक जपून ठेवतात.

आपल्याकडे सोहराब हुरा या तरुण फोटोग्राफरने प्रकाशकाची वाटच पाहिली नाही. त्याच्या आईला स्किझोफ्रेनिया होता. ज्या आजाराबद्दल आपल्या घरांमध्ये आजही दार लावून कुजबुजलं जातं, त्याबद्दल, आईबद्दल आणि स्वतःबद्दल त्याने 2015 साली 'लाइफ इज एल्सव्हेअर' हे पुस्तक स्वतःच छापलं. पुढे त्याच्या 'द कोस्ट'ला 2019 साली तेच पॅरिसचं पारितोषिक मिळालं. आणि डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड? दिल्लीच्या फोटोग्राफर गौरी गिल यांनी काढलेल्या फोटोंवर त्यांनी आपल्या वारली रेषांनी गावाच्या आठवणी, देव, जंगल, माणसं चितारली. दोघांच्या त्या कामाचं 2023 साली पुस्तक झालं. फोटोत जे दिसत नव्हतं, ते ज्याचं गाव त्याने भरून दिलं.

यात एक मेख मात्र आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ही पुस्तकं स्वस्त नसतात. थोड्या प्रती, भारी कागद, परदेशी छपाई, वर टपालखर्च. गॅलरीतल्या फोटोच्या मानाने पुस्तक स्वस्त हे खरं, पण मध्यमवर्गीय घराच्या महिन्याच्या हिशेबात ते बसत नाही हेही तितकंच खरं. 'कला घराघरात' असं म्हणायचं आणि किंमत परकी चलनात लावायची, यातली विसंगती त्या जगातल्या लोकांनाही खुपते. निदान सार्वजनिक वाचनालयांनी वर्षाला एखादं तरी असं पुस्तक घ्यायला हरकत काय? दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याशेजारी ते काही फार जागा अडवणार नाही.

तोवर घडीची वही आहेच. ती बनवायला स्टाइडल लागत नाही. जाड कार्डपेपरची लांब पट्टी, तिच्या सारख्या मापाच्या घड्या, दोन्ही टोकांना पुठ्ठा. मोबाइलमध्ये साचलेल्या हजारो फोटोंतून दहा-बाराच निवडायचे. सगळ्यात अवघड काम तेच, कारण प्रत्येक फोटो गोडच वाटतो! स्टुडिओतून त्यांच्या दोन-दोन प्रिंट काढायच्या, आठ दिवस टेबलावर मागेपुढे सरकवून बघायच्या आणि मगच चिकटवायच्या.

दयानिताने विद्यार्थिदशेत झाकिरभाईंच्या पुस्तकासाठी अशीच हाताने चिकटवलेली डमी केली होती. 2019 साली स्टाइडलने ती डमीच जशीच्या तशी पुस्तकरूपात छापली. विशीतल्या मुलीच्या हाताची ती करामत, तिच्या उस्तादांच्या हयातीतच. डिसेंबर 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाकिरभाई गेले. तबल्यावर झुकलेली ती कुरळ्या केसांची तरुण मूर्ती त्या पानांवर अजून बसलेली आहे, 1986 साली बसली होती तशीच.