फॅमिली मेडिसिनच्या निवासी प्रशिक्षणाबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : एमडी (फॅमिली मेडिसिन) अभ्यासक्रमाच्या जागा वाढवणे व त्याचे प्रशिक्षण ग्रामीण रुग्णालयांत देणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे प्राथमिक आरोग्य केंद्रांतले एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी आहोत. सपाटीवर ३० हजार आणि आदिवासी, डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, हा शासनाचा निकष आपण जाणताच.

सकाळच्या ओपीडीत गुडघेदुखीची तक्रार घेऊन आलेल्या बाईंचा रक्तदाब वाढलेला निघतो. विचारपूस केली की कळते, गोळ्या कधीच्याच संपल्यात, रात्री झोप लागत नाही. आणि कडेवरच्या नातवाचे वजन वयाच्या मानाने फार कमी आहे. रात्री मण्यार चावलेला शेतमजूर येतो. दंशाच्या जागी सूज जवळपास नसते, पापण्या मात्र जड होऊ लागलेल्या असतात. तेवढ्यावरून ओळखायचे, सर्पदंशावरचे प्रतिविष सुरू करायचे, श्वासावर लक्ष ठेवायचे आणि व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी वेळेत पाठवायचे. एका वर्षाच्या इंटर्नशिपवर हे सारे पेलत नाही.

मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार यांचे वॉर्ड महाविद्यालयात वेगवेगळे असतात; आमच्याकडे त्या सगळ्यांचे रुग्ण एकाच घरातून येतात. ते एकत्र सांभाळायला शिकवणारा विषय म्हणजे फॅमिली मेडिसिन. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने फॅमिली मेडिसिनच्या तज्ज्ञांची टंचाई नोंदवली होती. केरळात कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची एमडी होते. डीएनबीचा मार्गही जुनाच आहे. आपल्याकडचा हुशार विद्यार्थी मात्र रेडिओलॉजीकडे किंवा त्वचारोगाकडे वळतो, कारण या पदवीनंतर पद कोणते, याचे उत्तर त्याला कोणी देत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची जिल्हा निवासी सेवा आहे, पण ती पुरेशी नाही. रुग्ण ओळखीचा होईतो डॉक्टर परत गेलेला असतो. मधुमेहाचा किंवा क्षयाचा रुग्ण सांभाळायला शिकायचे, तर तीच कुटुंबे सलग देखरेखीखाली असावी लागतात. ग्रामीण भागात शिकण्याजोगे काही नाही, हा समजही चुकीचा आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला तो महाडच्या परिसरातल्या रुग्णांवर काम करूनच.

म्हणून आमची मागणी अशी, की शासकीय महाविद्यालयांत फॅमिली मेडिसिनचे स्वतंत्र विभाग सुरू करावेत. निवासी डॉक्टरांचा निम्मा तरी काळ ठरलेल्या ग्रामीण रुग्णालयात व प्राथमिक केंद्रात जावा. तिथे शिकवणारा अनुभवी डॉक्टर असावा, निवासाची सोय असावी आणि विद्यावेतन वेळेवर मिळावे. शिक्षकाविना विद्यार्थी पाठवले, तर ती केवळ रिकाम्या जागांची भरती ठरेल, आणि तिला आमचा विरोध राहील. सार्वजनिक आरोग्य विभागाने या पदवीसाठी तज्ज्ञाच्या वेतनश्रेणीची स्वतंत्र पदे निर्माण करावीत. ही मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सेवेतील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात.

पुढील प्रवेशप्रक्रियेपूर्वी दोन्ही विभागांची संयुक्त बैठक बोलावून आमच्या प्रतिनिधींना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग