मेकफाईल कोण वाचणार?

आपल्या हॉस्टेलवर एक मेकफाईल फिरत असते. मूळ कोणाची, कुणालाच माहीत नाही. सीनिअरच्या पेनड्राईव्हवरून ज्युनिअरकडे येते, वरची नावं बदलली की प्रोजेक्ट तयार! आतल्या ओळी कोणी वाचत नाही, आणि मला नेमकं तेच खटकतं. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

टॅबचा लोचा सर्वांना ठाऊक आहे. कमांडच्या आधी टॅबऐवजी स्पेस पडली की मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडून बसतं. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिलं. टॅबचा नियम त्रासाचा आहे हे त्यांना लवकरच कळलं, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून तो तसाच राहिला. डझनभर! पण मला विचाराल तर ही चूक बरी. ती ओरडते तरी, ओळीच्या नंबरासकट.

वाईट त्या गप्प बसणाऱ्या. व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं तर मेक तिथे रिकामी जागा धरतं आणि पुढे जातं. हेडर फाईल बदलली, पण ती डिपेन्डन्सीत लिहिलेलीच नसेल, तर जुनी ऑब्जेक्ट फाईल तशीच लिंक होते. मग आपण रात्री दोन वाजता चांगल्या कोडमध्ये बग शोधत बसतो.

२०२४ चं एक्सझेडचं प्रकरण घ्या. या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरच्या सीमेक फाईलमध्ये फेब्रुवारीत एक टिंब घुसलं. लिनक्सचं लँडलॉक हे सुरक्षेचं कवच वापरता येईल का, हे ती फाईल एक छोटा सी प्रोग्रॅम कंपाईल करून ठरवायची. टिंबामुळे तो प्रोग्रॅम कधीच कंपाईल होईना. म्हणजे कवच नाही, असं समजून बिल्ड मात्र व्यवस्थित पूर्ण! मार्चअखेर त्याच सॉफ्टवेअरमधलं बॅकडोअर उघडकीला आलं, आणि सगळे फाईल्स वाचायला बसले तेव्हा कुठे ते टिंब दिसलं. मराठीच्या पेपरात टिंबाला फार तर अर्धा मार्क जातो.

व्हेरिएबलसाठी मेकमध्ये वॉर्निंगचा ऑप्शन आहे, हेडरची यादी जीसीसी स्वतः काढून देतं. असलं टिंब मात्र डोळ्यांनीच पकडावं लागतं, आणि वाचायची सवय आम्हाला कोणी लावतच नाही. एक्स्टर्नल आउटपुट बघतात, सही करतात, झालं.

म्हणून सर-मॅडमना विनंती : प्रॅक्टिकलला एक मोडकी मेकफाईल हातात द्या आणि चूक शोधायला पाच मार्क ठेवा. आणि प्रोजेक्ट दुसऱ्या पीसीवर, रिकाम्या फोल्डरमधून बिल्ड झाला नाही तर सबमिशन परत करा. निम्मं हॉस्टेल माझ्यावर चिडेल, ते मी बघून घेईन.