चितळाचे शिंग

गोंदिया जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना चितळाचे काय नवल? नागझिऱ्याला गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. तांबूस अंगावर जन्मभर टिकणारे पांढरे ठिपके आणि गळ्याशी पांढरा पट्टा. तो बिचकला की शेपटी उभारतो, आणि तिच्या खालचा पांढरा रंग कळपाला धोक्याची खूण देतो. इतके सर्वांनाच ठाऊक आहे. मला मात्र चितळ खरा कळला तो उशिरा, आणि तोही एका शिंगामुळे.

लहानपणी एका नातेवाइकांच्या घरी भिंतीवर चितळाचे शिंग होते. मोहफुले वेचताना कुणाला तरी सापडलेले. मी त्याला टोपी अडकवीत असे. “शिकार थोडीच केली? पडलेले उचलले, त्यात कुणाचे काय गेले?” असे वडीलधारे म्हणत. मलाही ते पटे.

आता पटत नाही. आपण सगळ्यांनाच सरसकट हरीण म्हणतो. पण नीलगाय, चौसिंगा हे कुरंग. त्यांची शिंगे पोकळ, आयुष्यभराची. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची. ती गळतात आणि पुन्हा नवी फुटतात. वाढत्या शिंगावर मखमली कातडी असते, तिच्यात रक्त खेळते. शिंग पक्के झाले की नर ती कातडी झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. या शिंगातला चुना चारापाल्यातून, म्हणजे शेवटी मातीतूनच आलेला असतो. गळलेले शिंग साळिंदर कुरतडते, कारण त्यालाही तोच चुना हवा असतो. उरलेले मातीत मिसळते. आपण भिंतीवर टांगतो ती जंगलाची ही परतफेड!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बडगा आहेच. पण केवळ भीतीने पाळलेला नियम जंगलात कोण पाळणार? २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाल्यापासून आपल्या तोंडी वाघच अधिक. त्या वाघाचे, बिबट्याचे, रानकुत्र्यांचे पोट ज्याच्यावर चालते, त्या चितळाविषयी आपण किती बोलतो?

मोहाच्या दिवसांत तुम्हांला शिंग सापडलेच, तर त्याची टोके मोजा, साळिंदराच्या दातांच्या खुणा शोधा, आणि ते तिथेच राहू द्या. टोपीसाठी खुंटी पुरे.