क्यूब फोडणाऱ्या हाताला लॉगिन कधी?

रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात मी कॉम्प्युटरचा वर्ग घेतो. तीन जुने संगणक, माझा लॅपटॉप आणि बारा-पंधरा मुलं-मुली, एवढाच पसारा. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पन्नाशीच्या एक मावशी मागच्या सतरंजीवर येऊन बसल्या. मुलं गेल्यावर त्यांनी पिशवीतून इंग्रजीतलं साठेक पानांचं मॅन्युअल काढलं. झेरॉक्सची झेरॉक्स, निम्मी अक्षरं उडालेली. म्हणाल्या, "दादा, यात माझं काम कुठं आहे तेवढं दाखवा."

मावशी रस्त्यांच्या कामाची तपासणी करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत चौदा वर्षांपासून मदतनीस आहेत. नेमणूक कंत्राटदारामार्फत, पगारही त्याच्याच हातून. कागदावर त्यांचं काम 'साफसफाई व इतर'. या 'इतर'मध्ये काय काय येतं ते ऐका. काँक्रीटचे दीडशे मिलिमीटरचे क्यूब पाण्याच्या टाकीतून काढायचे, एकेक क्यूब आठ किलोंचा. पुसायचे, वजन करायचं, मशीनमध्ये बरोबर मधोमध बसवायचे, क्यूब फुटेपर्यंत काट्यावर नजर ठेवायची आणि आकडा सांगायचा. खडी चाळण्यांवर चाळायची. मातीचे नमुने ओव्हनमध्ये ठेवायचे, काढायचे. गाडी साइटवर गेली की दबाई तपासायला रस्त्याच्या थरात खड्डा खणायचा आणि त्यातली माती चिमूटभरही न सांडता पिशवीत भरायची. चौदा वर्षं हे काम केलं, पण एकाही कागदावर त्यांची सही नाही.

त्या कार्यालयात आता चाचण्यांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये करायच्या ठरल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी, एसी हॉलमध्ये, दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. अभियंते गेले, डाटा एन्ट्री ऑपरेटर गेला. मावशी आणि त्यांच्यासारखे आणखी तिघं मागेच राहिले, कारण प्रयोगशाळेत कुणीतरी थांबायला हवं होतं. परत आल्यावर साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही फक्त आकडे सांगत जा. भरायचं आम्ही बघू."

मित्रांनो, हा लेख साहेबांच्या या एका वाक्यावर आहे. साहेब वाईट माणूस नाहीत. मावशींच्या डोक्यावरचा भार कमी केला असंच त्यांना वाटलं असेल. पण 'आकडे तुम्ही सांगा, भरू आम्ही' ही वाटणी आपल्याला चांगली ओळखीची आहे. राबणाऱ्याच्या हातात काम आणि लेखणी धरणाऱ्याच्या हातात नोंद. पूर्वी लेखणी होती, आता पासवर्ड आहे. आणि या वाटणीमुळे फक्त मावशींचा मान जातो असं नाही, रस्ताही जातो. कसा ते सांगतो.

खड्ड्यातून काढलेली माती आणि त्या खड्ड्यात मावलेली वाळू यांच्या वजनावरून जागेवरची कोरडी घनता काढतात. समजा ती 1.84 आली. त्याच मातीची प्रयोगशाळेत मिळालेली जास्तीत जास्त घनता 1.92 आहे. भागाकार केला की 95.8 टक्के. मग हा रस्ता पास की नापास? केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकांप्रमाणे भरावाला किमान 95 टक्के दबाई लागते आणि त्याच्या वरच्या सबग्रेडला 97 टक्के. म्हणजे खड्डा भरावात खणला असेल तर पास. सबग्रेडमध्ये खणला असेल तर नापास, रोलर पुन्हा फिरवा. आकडा दोन्हीकडे एकच.

सॉफ्टवेअरमध्ये हा फरक एका ड्रॉपडाउनमध्ये मावतो. ऑपरेटर शुक्रवारी दुपारी आठवड्याभराच्या चिठ्ठ्या घेऊन बसतो. चिठ्ठीवर 95.8 आहे, थर लिहिलेला नाही. 'सबग्रेड' निवडलं की रकाना लाल होतो. प्रशिक्षणात त्याला सांगितलंय की लाल दिसलं तर नोंद चुकली असेल, तपासून बघा. तो 'भराव' निवडतो. रकाना हिरवा होतो. त्यानं लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याला त्या खड्ड्याबद्दल काहीच माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्या मावशी शेजारच्या खोलीत चाळण्या धूत असतात.

क्यूबचंही तसंच. मशीन किलोन्यूटनमध्ये भार दाखवतं आणि सॉफ्टवेअर विचारतं स्ट्रेंथ. दीडशे मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर, म्हणून 540 किलोन्यूटनला 24 येतात आणि एम-20 काँक्रीटला तेवढे पुरतात. मावशींना हा हिशेब लिहिता येत नाही, पण 450 च्या आत क्यूब फुटला की काहीतरी बिघडलंय हे त्यांना काटा बघूनच कळतं. फुटलेल्या क्यूबच्या तुकड्यांवरून काँक्रीट नीट दाबून भरलं होतं की आत पोकळी राहिली होती, हेही त्या सांगतात. मॅन्युअलच्या साठ पानांत हे विचारणारा एकही रकाना मला सापडला नाही. शेवटी 'शेरा' नावाची एक चौकट आहे, ती भरणं सक्तीचं नाही.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये प्रशिक्षणाच्या स्लाइडचे फोटो होते, ते मी मागून बघितले. डेमोमधला प्रत्येक क्यूब पास होता! एकही नमुना नापास नाही. म्हणजे नापास निकाल कसा भरायचा, तो भरल्यावर कुणाला कळवलं जातं, पुन्हा चाचणी कशी लावायची, हे दोन दिवसांत कुणी शिकवलंच नाही. चाचणी कशासाठी असते? नापास ओळखण्यासाठीच ना? मग ज्या प्रशिक्षणात नापासाचा सराव नाही, त्यात माणसं फक्त हिरवा रंग आणायला शिकून येतात.

जुन्या रजिस्टरच्या लहान-लहान खोट्यांबद्दलही तिथं कुणी बोललं नाही. अठ्ठाविसावा दिवस रविवारी आला तर क्यूब सोमवारी फुटतो आणि रजिस्टरमध्ये अठ्ठावीसच दिवस लिहिले जातात. सगळ्यांना माहीत आहे, कुणाला त्याचं काही वाटत नाही, आणि एका दिवसानं आभाळ कोसळतही नाही. पण सॉफ्टवेअर दिवस स्वतः मोजतं. मग क्यूब टाकीत ठेवल्याची तारीखच एक दिवस पुढे सरकवून भरली जाते, म्हणजे एक खोटं लपवायला दुसरं. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहायला हवं होतं की 29 दिवस झाले असतील तर 29 लिहा, कुणी रागावणार नाही.

असं प्रशिक्षण एसी हॉलमध्ये होत नाही. ते प्रयोगशाळेतच, टाकीशेजारी, तिथल्याच गेल्या महिन्याच्या चिठ्ठ्या घेऊन व्हायला हवं. त्या चिठ्ठ्या सॉफ्टवेअरच्या सरावाच्या प्रतीत भरून बघायच्या आणि कुठं अडतं ते लिहून काढायचं. दोन-तीन महिने रजिस्टर आणि संगणक दोन्ही चालू ठेवायचे आणि दर आठवड्याला पडताळायचे. त्या दिवसांची हजेरी कंत्राटी माणसांनाही लागली पाहिजे. शिकायला बसला म्हणून रोज बुडाला, असं झालं तर पुन्हा कुणी येणार नाही. आणि हे सगळं मराठीत. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम 1964 सालचा आहे. साठ वर्षं उलटली, तरी सरकारी प्रयोगशाळेचा पडदा मावशींशी मराठीत बोलत नाही.

यावर अधिकाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं: ही माणसं शिकलेली नाहीत, त्यांना संगणक झेपणार नाही. मावशी मोबाइलवरून लाइटबिल भरतात, बचत गटाचा हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवतात. समाजमंदिरात चार रविवार बसून त्यांनी क्यूबची नोंद, थराची नोंद आणि फोटो जोडणं शिकून घेतलं. इंग्रजी शब्दांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवून दिल्या, माझं श्रेय तेवढंच. 'झेपणार नाही' हे वाक्य आपल्या आजोबांनी शाळेच्या दारात ऐकलं होतं.

पण इथं मला माझ्याच उत्साहाला लगाम घालावा लागला. चौथ्या रविवारी मी म्हणालो, "मावशी, आता साहेबांकडे स्वतःचं लॉगिन मागा." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको दादा. आज आकडा साहेबाच्या नावावर आहे. उद्या माझ्या नावावर आला आणि रस्ता फुटला, तर साहेब राहील आणि मी जाईन."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आपण चळवळीतली माणसं हक्काची भाषा पटकन बोलतो. मावशी जबाबदारीचा हिशेब आपल्यापेक्षा नीट करतात. कंत्राटदार ज्या बाईला एका फोनवर घरी बसवू शकतो, तिच्या नावावर नोंद टाकणं म्हणजे तिला अधिकार देणं नव्हे, बळीचा बकरा आधीच बांधून ठेवणं आहे. म्हणून लॉगिनसोबत आणखी दोन गोष्टी मागाव्या लागतील. एक, जतन झालेला आकडा वरच्या माणसानं बदलला तर जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ हे सगळं राहिलं पाहिजे आणि चाचणी करणाऱ्याला दिसलं पाहिजे. सॉफ्टवेअरला हे अवघड नाही. दुसरी गोष्ट त्याहून कठीण आहे. नापास निकाल नोंदवला म्हणून कामावरून काढता येणार नाही, असा लेखी आदेश. ज्या कंत्राटदारांच्या कामाची तपासणी होते आणि जो कंत्राटदार प्रयोगशाळेला माणसं पुरवतो, ते एकाच तालुक्यात एकाच पंगतीला जेवतात, हे सांगायची गरज नाही.

परदेशात काय चालतं याचे दाखले द्यायला मला फारसं आवडत नाही, पण एक इथं उपयोगी आहे. अमेरिकेत केंद्राच्या पैशातून होणाऱ्या महामार्गांसाठी 1995 साली नियम झाला. त्यानुसार 29 जून 2000 नंतर, ज्या चाचणीच्या आधारे काम स्वीकारायचं ती चाचणी पात्रता सिद्ध केलेल्या माणसानेच करायची. तिथल्या अनेक राज्यांची रस्ते खाती आज 'आश्टोवेअर' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधकाम आणि साहित्याच्या नोंदी ठेवतात, पण चाचणी कुणी केली आणि तो माणूस त्यासाठी पात्र आहे का, हा प्रश्न नियमानं आधीच विचारलेला आहे. आपल्याकडे आधी सॉफ्टवेअर येतं, आणि चाचणी करणारीचं नाव 'साफसफाई व इतर'मध्येच राहतं.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सार्वजनिक बांधकामाचा कारभारही त्यांच्याकडेच होता. युद्धकाळात कुशल कारागीर तयार करण्यासाठी सरकारनं तांत्रिक प्रशिक्षण योजना चालवली, तीही त्यांच्याच खात्याकडे होती. मजूर आणि प्रशिक्षण हे दोन्ही विषय तेव्हा एकाच मंत्र्याच्या टेबलावर होते. आज प्रशिक्षणाची फाईल एका मजल्यावर असते आणि मजूर कुठल्याच मजल्यावर नसतो.

या साऱ्याशी आपल्या वस्तीचा काय संबंध, असं काही तरुण मित्र विचारतील. दलित वस्ती सुधार योजना म्हणून आपण जी ओळखतो त्या योजनेतून आपल्या गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते होतात. त्यांचेही क्यूब अशाच प्रयोगशाळांत जातात. रस्ता पहिल्या पावसात उखडतो, आपण मोर्चा नेतो, साहेब फाईल उघडून दाखवतात: चाचणी पास. तिथं आपला मोर्चा संपतो, कारण त्या कागदाला उलटा प्रश्न विचारायला आपल्याला येत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली आपली कितीतरी मुलं आहेत. ती स्पर्धा परीक्षेच्या खोलीत बसून आहेत, आणि त्यातला एखादा कनिष्ठ अभियंता होऊन प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा तोही मावशींना 'तुम्ही फक्त आकडे सांगा' असंच म्हणतो. अशा एकाला मी ओळखतो. त्यानं हा लेख वाचावा.

तर आता करायचं ते असं. माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा हाताशी आहे. ज्या कार्यालयात असं सॉफ्टवेअर आलं आहे तिथं अर्ज टाका. प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक पदनामांसह मागा. किती लॉगिन दिले आणि ते कोणत्या पदांना दिले, ते विचारा. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष चाचण्या करणाऱ्यांची संख्या मागा, कंत्राटी धरून. गेल्या वर्षात किती निकाल नापास नोंदले आणि त्यांवर काय कारवाई झाली, तेही मागा. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. हे चार कागद शेजारी ठेवले की कोण शिकलं आणि कोण राबलं ते स्वच्छ दिसेल.

याच कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो आपल्याकडे फारच कमी लोक वापरतात. आमच्या गल्लीच्या रस्त्यासाठी तो अर्ज आम्ही गेल्या आठवड्यात दिला. नमुना घ्यायला मी मावशींना सोबत येण्याची विनंती केली आहे. सुट्टीच्या दिवशी असेल तर येईन म्हणाल्या. नमुना कुठून काढायचा ते त्यांनी परवाच पायानं दाखवून ठेवलंय, नळाच्या पाइपाजवळ नको, कडेपासून दोन हात आत.