पायाशी भट्टी

अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने घडवलेली रोडस्टर ही कॉलिन चॅपमनच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनची देशी प्रतिकृती. अंग फायबरग्लासचं, इंजिन ॲम्बेसेडरमध्ये बसायचं तेच इसुझूचं १.८ लिटरचं. अशी गाडी बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात अडकली, की बाहेर हवा कितीही सुखद असो, चालकाच्या पोटऱ्या शेकून निघतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच, हवा थोडी विरळ, म्हणून रेडिएटरचा पंखाही जरा कमीच उष्णता वाहून नेतो. पण खरी मेख पायांपुढच्या पातळ पडद्यात आणि मांडीला खेटलेल्या गिअरबॉक्सच्या बोगद्यात असते. लोक आधी महागडं अस्तर आणतात. मला ते पटत नाही. आधी रात्री इंजिनापाशी दिवा लावा आणि आत बसून पाहा: वायरी, पेडल, गिअरच्या दांड्याभोवती जिथून उजेड येतो, तिथूनच गरम वारा येतो. ती भोकं रबराने बुजवा. मग एक्झॉस्ट आणि पडदा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, दोन्हींपासून बोटभर अंतर सोडून; ती मधली मोकळी हवाच राखण करते, चिकटवलेला पत्रा स्वतःच तापून बसतो. आणि बॉनेटच्या बाजूला झरोके हवेतच, कारण आत शिरलेल्या हवेला बाहेरची वाट मिळाली नाही, तर ती तुमच्याच पायाशी येते. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळणार असाल, तर पावसाळ्यात ती सोडून पाहा. ओल धरून खालचं लोखंड गंजतं.